तिसऱ्या चोराची रेघ

१

साहेब, तुम्ही मेलेल्या माणसाला चोर ठरवलंत. तेही जागेवर न जाता, खुर्चीतून न उठता. कागदावर तीन ओळी खरडल्यात, खाली गोल शिक्का हाणलात आणि चहा मागवलात. त्या तीन ओळींत काय घोळ आहे हे लोणावळ्यातल्या एका झेरॉक्सवालीला कळलं. तुम्हाला कळलं नाही, की कळून घ्यायचंच नव्हतं?

ती झेरॉक्सवाली म्हणजे रेणुका. बाजारात चिक्कीच्या दोन दुकानांच्या बेचक्यात तिचं टीचभर दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो आणि ऑनलाइन फॉर्म. वीस वर्षं ती एकच काम करत आली : सरकारी फॉर्मात मावावा म्हणून माणसाचा फोटो बारीक करणं. पन्नास केबीच्या आत बसवा, वीस केबीच्या आत बसवा. फोटो बारीक करताना आधी काय मरतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आधी कपाळावरची आठी जाते, मग गालावरचा व्रण जातो, आणि शेवटी माणूसच जातो. उरतं ते नुसतं तोंड.

गोरख तिच्याकडे असाच एक फॉर्म भरायला आला होता. कातळमाळावरच्या एका बंद बंगल्याचा रखवालदार. बोलायला भिडस्त, पण एकदा आभाळाचा विषय निघाला की थांबायचं नाव नाही. कुणी गिऱ्हाईक दुकानात सोडून गेलेला जुना कॅमेरा रेणुकाने त्याला दिला. सहा महिन्यांत त्या पठ्ठ्याने असे ताऱ्यांचे फोटो काढून आणले, की पुण्याहून येणारे लाखाच्या दुर्बिणीवाले गप्प झाले. त्यातूनच त्यांचं मंडळ उभं राहिलं. पाचच माणसं. अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी कातळमाळावर जमायचं, फोटो काढायचे आणि एकमेकांना दाखवायचे.

माघातल्या अमावास्येच्या आदल्या शनिवारी गोरख एकटाच लवकर वर गेला. रविवारी सकाळी शेळ्यांमागे गेलेल्या माणसाला तो बंगल्याच्या भिंतीखालच्या चरात सापडला. थंडगार.

आणि साहेब, पोलीस ठाण्यातून तुमचा कागद आला. ‘बंगल्याची पाण्याची मोटार चोरण्यासाठी पहाटे पाचच्या सुमारास तीन चोर आले. पैकी दोघे पसार. तिसरा, म्हणजे सदर रखवालदार, भिंतीवरून पडून मयत.’

पंधरा दिवसांनी मंडळाची उरलेली चार माणसं रेणुकाच्या दुकानात बसली. शटर अर्धं ओढलेलं होतं. विषय साधाच होता : फोटो लोकांना दाखवायला इंटरनेटवरची कुठली गॅलरी घ्यायची? हे काम मंडळाने रेणुकावर गोरख असतानाच सोपवलं होतं. आता त्याला एक काळी किनार आली होती. गॅलरीत पहिला फोटो गोरखचा शेवटचा लावायचा होता.

“तीन सेवा बघितल्या,” रेणुका म्हणाली. “पहिली फुकट. पण ती फोटो तळहाताएवढा बारीक करते, वरून आपणहून गुळगुळीत करते, आणि कुठं, कधी काढला ही माहिती पुसून टाकते. दुसरीत फोटो मोठा राहतो, पण पासवर्ड असेल त्यालाच दिसतो. तिसरी खास ताऱ्यांच्या फोटोंची. फोटो आहे तसा ठेवते, माहिती ठेवते, आणि कुठला तारा कुठला हे स्वतः ओळखून नावं लिहिते.”

“फुकटवाली घ्या आणि मोकळे व्हा,” बाजीराव म्हणाले. बाजीराव मंडळाचे अध्यक्ष. बंगल्यांची देखभाल आणि जागांचे व्यवहार हा त्यांचा धंदा. कातळमाळावरचा तो बंगलाही त्यांच्याच ताब्यात होता, आणि मोटार चोरीला गेल्याची तक्रारही त्यांनीच दिली होती. “लोक मोबाइलवर बघतात हो. अंगठ्याने सरकवतात. त्यांना कुठं भिंग लावून बघायचंय?”

“मलाही जागेची माहिती पुसलेलीच हवी,” अमृता म्हणाली. ती पुण्याच्या कॉलेजात शिकवायची. “कातळमाळ कुठं आहे हे एकदा बाहेर गेलं, की त्याचा भुशी डॅम होईल. भजी, स्पीकर आणि काचा.”

“मग गोरखचा फोटो तळहाताएवढा करायचा?” निलेश तडकला. तो रेल्वेत पॉइंट्समन, मंडळात सगळ्यात तापट. “त्या माणसाने तीन तास थंडीत कॅमेरा लावला होता. तिसरीच घ्या. नाहीतर मला मंडळातून काढा.”

“अरे बाबा, मेलेल्या माणसावरून भांडायचं नाही,” बाजीराव थंडपणे म्हणाले. “त्यातून कागदोपत्री तो कोण ठरलाय, माहीत आहे ना? फार मोठा करून दाखवू नका. मंडळाचं नाव जाईल.”

गोरखची लेक प्रेरणा त्या आठवड्यात शाळेत गेली नव्हती. बाकावर कुणीतरी खडूने ‘चोर’ लिहून ठेवलं होतं. हे चौघांनाही ठाऊक होतं.

रेणुकाने तोडगा काढला. “गोरखचा फोटो तिन्हीकडे टाकून बघते. डोळ्यांनी बघू, मग ठरवू.”

फोटो साधा होता. कॅमेरा एका जागी घट्ट, तोंड ईशान्येच्या डोंगराकडे. दर अर्ध्या मिनिटाला एक फोटो. मग ते शेकडो फोटो एकावर एक ठेवायचे, म्हणजे सरकत जाणाऱ्या प्रत्येक ताऱ्याची एक लांब रेघ उमटते. आभाळभर वाकड्या रेघा, जणू कुणी फणी फिरवलेली.

सगळे गेल्यावर तिने फोटो चढवला. पहिल्या गॅलरीत झकास दिसला. दुसरीतही बरा. तिसरीत पूर्ण आकारात उघडला आणि तिने तो बोटभर, बोटभर पुढे सरकवत बघायला घेतला. व्रण शोधायची तिची जुनी खोड.

एका जागी तिचा हात थांबला. रेघ तुटली होती. नखभर फट, आणि पुढे परत रेघ. शेजारच्या ताऱ्याची रेघही तिथंच तुटलेली. त्याच्या शेजारचीही. आभाळातल्या झाडून सगळ्या रेघा एकाच मापाच्या फटीने तुटल्या होत्या.

डोंगरालगतची एक सोडून.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी रेणुकाने तो फोटो मोठ्या कागदावर छापला, गुंडाळी करून स्कूटीला अडकवली आणि गोरखच्या वस्तीवर गेली. कातळमाळाच्या पायथ्याशी आठ-दहा घरं. गोरखचं घर टोकाचं. आत भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि खाली आता गोरखचा पासपोर्ट फोटो. रेणुकाच्याच दुकानातला. तिला तिकडे बघवेना.

गोरखची आई भामाबाई अंगणात बसली होती. पुढ्यात तांदळाचं सूप होतं, पण हात चालत नव्हते.

“ये लेकी. जयभीम. च्या ठिवते.”

“नको मावशी, बसा. तुमचा जबाब घेतला होता ना त्यांनी? काय सांगितलं होतंत?”

“काय सांगायचं? जे बघिटलं ते सांगितलं.” म्हातारीने डोंगराकडे हात केला. “म्या हितंच बसलेवते. गोरख जेवला न्हवता, म्हून वाट बघत. गाडीचा आवाज आला. वर चढली. पन उजेड न्हाई! दिवंच न्हाईत! मंग एकदम धाडकन कायतरी वाजलं आन् लाल इस्तू दिसलं. दोन. डोळ्यावानी. लय येळ तितंच हुबं. मंग इझलं, आन् गाडी वळून खाली गेली.”

“किती वाजले होते?”

“मला घड्याळ कुटं येतंय? म्या त्या लिवनाऱ्याला सांगितलं, बाज हुबी व्हती. दोन चोर वर आलतं, तिसरा आजून डोंगराखाली व्हता.”

रेणुका पुढे सरकली. “मावशी, परत सांगा. कुठले चोर?”

“अगं आबाळातलं! तुमी शेरातली मानसं सप्तर्षी का काय म्हनता. आमच्यात ती म्हातारीची बाज. चार पाय बाजंचं, आन् मागं तीन चोर, बाज वढून न्यायला आल्यालं. माघात ती डोंगरातनं हुबी वर येती. आधी बाज, मंग एकेक चोर.” भामाबाईचा आवाज चिरकला. “त्यो लिवनारा माज्याकडं बघंचना. मोबाइल बघत व्हता. म्हनला, ‘बाज उभी म्हणजे सकाळी उठून भिंतीला लावली ना? म्हणजे पहाट झाली. आणि चोर किती?’ म्या म्हनलं, तीन. त्यो म्हनला, ‘बरं. अंगठा लाव.’”

सुपातले तांदूळ तसेच होते. एक कोंबडी येऊन टिपायला लागली तरी म्हातारीने तिला हाकललं नाही.

साहेब, एवढंच झालं होतं. एका बाईने घड्याळ नाही म्हणून आभाळ बघून वेळ सांगितली, आणि तुम्ही त्या वेळेचे दरोडेखोर केलेत. दोन पसार केलेत, आणि तिसरा कमी पडत होता म्हणून तिचाच लेक घातलात.

रेणुकाने गुंडाळी उलगडली. भामाबाईला अक्षर येत नव्हतं, पण आभाळ येत होतं. तिने डोळे बारीक केले, वाकडं बोट रेघांवरून फिरवलं.

“ह्यो बाजंचा पाय. ह्यो दुसरा. ह्यो पयला चोर, ह्यो दुसरा.” बोट डोंगराच्या कडेला आलं, जिथं ती एकच रेघ अखंड होती. “आन् ह्यो तिसरा.”

“मावशी, याची रेघ तुटलेली नाही.”

“तुटंल कशी?” भामाबाई म्हणाली. “तवा त्यो आला कुटं व्हता?”

३

निलेशची पाळी संपायची होती. रेणुका स्टेशनाबाहेर थांबली. तो आला, तशी तिने आडपडदा न ठेवता कागद त्याच्या नाकासमोर धरला.

“ही फट तू पाडलीस?”

निलेशने बघितलं. चेहरा उतरला. “नाही ताई. देवाशपथ नाही. मी फक्त फोटो एकावर एक ठेवले. माझ्याकडे लहान स्क्रीन आहे, मला दिसलं पण नाही.”

“ढग आला असेल?”

“ढग असा येतो का?” तो चिडून म्हणाला. “ढग एका बाजूने येतो. आधी इकडचा तारा झाकतो, मग तिकडचा. कडा पुसट असतात. हे बघा, सगळे एका क्षणी गेले आणि एका क्षणी परत आले. कात्रीने कापल्यासारखे. हे ढगाचं काम नाही. मधले फोटोच काढून घेतलेत.”

“म्हणजे गहाळ झाले?”

“गहाळ झाले तर फोटोंच्या नंबरात खाडा दिसतो. कॅमेरा प्रत्येक फोटोला ओळीने नंबर देतो. पण मला मिळाले ते ‘गोरख एक’, ‘गोरख दोन’ असे नवीन नावांनी, आणि वेळ पुसलेले. मला वाटलं सोयीसाठी केलं असेल.”

“कुणी दिले तुला?”

निलेश घुटमळला. “रविवारी दुपारी मी आणि बाजीरावभाऊ वर गेलो होतो. कॅमेरा माळावर तसाच उभा होता ताई. बॅटरी संपेपर्यंत फोटो काढत राहिला होता बिचारा. मालक खाली चरात, आणि हा वर तारे मोजतोय. कार्ड भाऊंनी घेतलं. म्हणाले, घरच्यांना द्यायचेत. सोमवारी मला पेनड्राइव्ह दिला. कार्ड खराब झालं म्हणाले.”

“आणि शनिवारी रात्री तू कुठं होतास?”

“माझ्यावर संशय?” निलेशचे कान लाल झाले. “दोन ते दहा ड्यूटीवर. हजेरी बघा, स्टेशन मास्तरला विचारा! माझ्या हातून झेंडी चुकली तर गाड्या एकमेकींवर चढतात, मी कुठं डोंगरावर जाणार?”

“विचारलंच आहे. तू यायच्या आधी,” रेणुका म्हणाली. “आता रागावू नकोस, डोकं चालव. फट किती वाजताची?”

तो चहाच्या टपरीच्या फळीवर बसला. शनिवारची तारीख ठाऊक होती. तिसऱ्या गॅलरीने ताऱ्यांची नावं आपणहून लिहिली होती. मोबाइलवर आभाळाचा नकाशा काढून त्याने डोंगराची उंची धरली, दोनदा आकडेमोड केली.

“तिसरा चोर, म्हणजे सप्तर्षींच्या शेपटीतला शेवटचा, डोंगरावर येतो नऊ चाळीसच्या आसपास. फट त्याच्या थोडी आधी. साडेनऊ धरा. रात्रीचे साडेनऊ ताई, पहाटेचे पाच नाही. पहाटे पाचला बाज त्या दिशेला नसतेच. ती वायव्येला उतरायला लागलेली असते.”

म्हातारीचं घड्याळ मिनिटावर होतं.

“एक सांग,” रेणुकाने विचारलं. “चढावर दिवे बंद करून गाडी कोण चालवतं?”

निलेशने वर बघितलं. त्याने मोबाइल खाली ठेवला. कारण उत्तर त्यांच्या मंडळाच्या नियमात होतं, आणि तो नियम दोन वर्षांपूर्वी पाचही जणांनी हात वर करून केला होता. शेवटच्या वळणानंतर हेडलाइट लावायचा नाही. गाडीच्या एका झोताने दुसऱ्याचे फोटो फुकट जातात. दिवे विझवायचे आणि अंदाजाने, पायरी पायरीने चढायचं.

चोर नव्हे. आपलाच माणूस.

४

अमृताशी रेणुका फोनवरच बोलली. तिला दोष द्यायचं कारण होतं : जागा पुसा म्हणणारी ती, आणि त्या शनिवारी गाडी घेऊन रस्त्यावर असलेलीही तीच.

“मी निघाले होते,” अमृता म्हणाली. “तळेगाव ओलांडत होते तेवढ्यात भाऊंचा ग्रुपवर मेसेज आला. नऊ बावन्नला. ‘ढग आलेत, मी अर्ध्या वाटेतून परत फिरलो, आज कोणी येऊ नका.’ मी परत वळले. का गं?”

“तुझी गाडी चढते का कातळमाळावर?”

“छे. बुटकी आहे, खाली घासते. मी दर वेळी पायथ्याशी लावून चालत येते, तुम्ही सगळे हसता.” मग ती थांबली. “रेणुका, मला खरं सांग. मी त्या दिवशी आले असते तर...”

रेणुकाने फोन ठेवला. काही प्रश्नांना उत्तर देणं हा दुष्टपणा असतो.

तिने फोटो परत उघडला. फटीनंतरच्या रेघा बघितल्या. दीड तासाहून लांब, ठसठशीत, कुठंही पुसट नाहीत. नऊ बावन्नला तर त्या काचेसारख्या स्वच्छ होत्या. कातळमाळावर त्या रात्री ढगाचा टिपूसही नव्हता.

बाजीरावांच्या ऑफिसात ती दुपारी गेली. काचेचं टेबल, मागे दुर्बिणीसोबतचा त्यांचा फ्रेम केलेला फोटो. बाहेर जीप उभी होती, पुढचा बंपर कोरा करकरीत.

“या, या. ठरली का गॅलरी?”

“तिसरी घ्यावी म्हणते भाऊ.”

“हट्टी आहात.” ते हसले. “अहो, उगाच मोठं प्रकरण. साधं काम आहे, साधं करा.”

“तेच करतेय. फक्त गोरखच्या फोटोत एक खोट निघाली. मधले काही फोटो नाहीत, रेघा तुटल्यात. तळहाताएवढा केला की दिसत नाही, पण पूर्ण आकारात दिसतं. लोक विचारतील, म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं.”

बाजीरावांनी पेपरवेट फिरवला. “ढग आला असणार. मी मेसेज टाकलाच होता की. त्यात काय एवढं? शेकडो फोटो आहेत त्यात, अकरा गेले तर कुणाचं काय बिघडलं?”

पेपरवेट अजून फिरत होता. रेणुकाने हात ठेवून तो थांबवला.

“भाऊ,” ती म्हणाली, “मी ‘काही’ म्हणाले. अकरा कुणी मोजले?”

५

माणूस खोटं बोलतो तेव्हा चेहरा बदलतो असं म्हणतात. बाजीरावांचा नाही बदलला. ते उठले, दार लावलं आणि परत बसले. आवाज मात्र खाली गेला.

“तुम्हाला काय सिद्ध करायचंय?”

“सिद्ध झालंय. मी फक्त सांगते.” रेणुकाने कागद काचेवर पसरला. “फोटो दोघांच्याच हाताखालून गेले. निलेश तेव्हा ड्यूटीवर होता. राहिलात तुम्ही. शनिवारी साडेनऊला तुम्ही दिवे बंद करून वर चढलात. गोरख वाटेत होता. जेवायला खाली येत असेल. तुम्ही त्याला उडवलंत, तो चरात गेला. इथवर अपघात. आपल्या सगळ्यांच्या नियमाने झालेला. त्यात माझाही हात वर होता, आणि ते मला मरेपर्यंत पुरेल.”

“मग?”

“मग तुम्ही परत फिरलात. कुणी वर येऊन बघू नये म्हणून ढगाचा मेसेज टाकलात. सकाळी मोटार चोरीची तक्रार दिलीत. दुपारी कार्ड उचललंत, आणि घरी बघितलं तर त्यात तुम्ही सापडलात. हेडलाइट बंद असला तरी मागचा ब्रेकचा दिवा बंद होत नाही. फोटोच्या खालच्या कडेला दोन लाल ठिपके. भामामावशीने तेच बघितले. तेवढे फोटो तुम्ही काढून टाकलेत. अकरा.”

बाजीरावांनी खिडकीबाहेर बघितलं. चिक्कीच्या पिशव्या घेऊन माणसं हसत चालली होती.

“मी उतरलो होतो,” ते म्हणाले. “खोटं नाही सांगत. उतरून बघितलं. नाडी बघितली. तो गेलेला होता रेणुकाताई. जागच्या जागी. जिवंत असता तर मी उचलून नेलं नसतं का? मेलेल्यासाठी जिवंत माणसाने का मरायचं? मला पोरी आहेत.”

“त्यालाही एक आहे.”

“मी त्यांचं बघेन. शब्द देतो.”

रेणुका उठली, दार उघडलं आणि बाहेरच्या जीपकडे बोट केलं.

“चावी घ्या.”

“कशाला?”

“एकदाच. दिवे न लावता मला ब्रेकचा लाल दिवा दाखवा, आणि तो तसाच ठेवून खाली उतरून दाखवा.”

ते जागचे हलले नाहीत.

“नाही दाखवता येणार,” रेणुका म्हणाली. “तो दिवा पाय ठेवला तरच लागतो. पाय उचलला की विझतो. अर्ध्या मिनिटाचा एक फोटो, असे अकरा. अकराही काढावे लागले, कारण अकराही फोटोंत लाल होतं. साडेपाच मिनिटं, भाऊ. साडेपाच मिनिटं तुमचा पाय ब्रेकवर होता. तुम्ही उतरलाच नाहीत. तो जिवंत होता की मेलेला, हे तुम्हाला आजही माहीत नाही.”

बाजीराव खुर्चीतच खचले. या वेळी चेहरा बदलला.

साहेब, यानंतर ती तुमच्याकडे आली. एकदा नाही, चारदा. पहिल्यांदा तुम्ही मीटिंगमध्ये होतात. दुसऱ्यांदा जेवायला. तिसऱ्यांदा तुमच्या माणसाने सांगितलं, पुरावा असेल तर पोर्टलवर चढवा, इथं कागद घेत नाही. चौथ्यांदा ती समोर उभी राहिली, तेव्हा तुम्ही म्हणालात, “बाई, तारे काय साक्ष देतात का?”

तिने पोर्टल उघडलं. फाइल शंभर केबीच्या आत हवी. वीस वर्षांत हजारो माणसं तिने त्या मापात बसवली होती. गोरखचं आभाळही बसवलं. बारीक केलं, अजून बारीक केलं, आणि तिच्या डोळ्यांसमोर ती फट मिटत गेली. शंभर केबीत आभाळ अखंड होतं, आणि त्यात कुणी मेलेलं नव्हतं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. ‘सादर केलेल्या छायाचित्रात आक्षेपार्ह काहीही आढळत नाही. प्रकरण निकाली.’

त्या संध्याकाळी भामाबाई आणि प्रेरणा दुकानात आल्या. निलेश होता. अमृता पुण्याहून आली होती. चौथी खुर्ची रिकामी होती आणि पाचवी तर कधीचीच.

“गॅलरी ठरवायची राहिलीय,” रेणुका म्हणाली. “तिसरी. कुणाची हरकत?”

“जागेचं नाव घाल,” अमृता म्हणाली. “कातळमाळ. ठळक घाल. येऊ देत माणसं.”

निलेशने मान डोलावली. रेणुकाने फोटो चढवला. पूर्ण आकारात, एक केबीही न कापता. फोटोखाली घरच्यांची नावं लिहू का, असं तिने विचारलं तेव्हा भामाबाई म्हणाली, “आमचं नगं. त्येचं लिव. आन् खाली चोरांची बी नावं लिव, आबाळातल्या. म्हंजी लोकास्नी कळंल, कंचं चोर व्हतं ते.”

प्रेरणाने लिहिलं. अक्षर चांगलं होतं पोरीचं. छायाचित्र : गोरख. ठिकाण : कातळमाळ, मावळ. बाज, पहिला चोर, दुसरा चोर, तिसरा चोर. आणि फटीकडे एक बाण : रात्री साडेनऊ, अकरा फोटो गहाळ.

“आजी, यात बाबांचं नाव चोरांच्या वर आलं,” ती हळूच म्हणाली.

“वरच असू दे. त्यो बघनारा व्हता.”

तर साहेब, तो फोटो आता तिथं आहे. कुणीही बघावा, हवा तेवढा मोठा करून बघावा. सगळ्या रेघा तुटल्यात आणि तिसऱ्या चोराची तुटलेली नाही, कारण तो तेव्हा डोंगराखाली होता. तुमच्या कागदावर मात्र तो अजून भिंतीवरून पडतोय, पहाटे पाचला, गोरख नावाने.

तुमचा पाय कशावर आहे, साहेब? आणि तो उचलून तुम्ही खाली कधी उतरणार? भामाबाई अंगणात बसली आहे. तिच्याकडे घड्याळ नाही, पण ती वेळ मोजते आहे.

उत्तर द्या.